मोऱ्याची लाँच, कोटनाक्याची लोकल

रुळांकाठची गावं : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण दिवा–पनवेल मार्गावर निळजे, तळोजे, नावडे रोड अशी स्थानकं पाहत पनवेलपर्यंत आलो. आज तिथून खाडीच्या बाजूला वळायचं आहे, उरणला. रूळ तिथे संपतात. पुढे मोरा बंदर आणि समुद्र.

उरणचं लोकल स्थानक वयाने अगदी लहान आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी खारकोपर–उरण टप्प्याला हिरवा झेंडा दाखवला. शिवडी–न्हावा शेवा अटल सेतूचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं आणि पेपरांत पुलाचेच फोटो मोठे आले. एवढ्या कोवळ्या स्थानकाचा इतिहास तो काय सांगायचा, असं कुणाला वाटेल. पण उरणमधल्या साठी ओलांडलेल्या कुणाहीजवळ रेल्वेचा विषय काढून पाहा. तो २०२४ पासून सुरुवात करत नाही, मोऱ्याच्या धक्क्यापासून करतो. आपणही तसंच करू.

उरण आणि मुंबई यांच्यामध्ये बंदराचं पाणी आहे. नजरेने पाहिलं तर मुंबई समोरच. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायला पाऊण-एक तास. उरणचं मीठ, भात आणि मासळी याच पाण्यावरून मुंबईत जायची. एकोणिसाव्या शतकात इथल्या भट्ट्यांत गाळलेली मोहाची दारूही मुंबईला याच वाटेने पोचायची. माणसंही तशीच, नोकरीला, इस्पितळात, कॉलेजात. ही वाट जवळची होती, पण तिचं घड्याळ माणसाच्या हातात नव्हतं.

किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट. तिथीचा आकडा तीनने गुणायचा, चारने भागायचा, की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती. म्हणजे पुनव-अवसेच्या सुमारास सुकती येते सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, नेमकी चाकरमान्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळी. शिवाय ते दिवस उधाणाचे. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. मोऱ्याच्या धक्क्यापुढे गाळ साचलेला, त्यामुळे त्या वेळेला लाँच धक्क्याला लागतच नाही. पाणी चढेपर्यंत एक तर इकडे बसा, नाही तर तिकडे. पावसाळ्यात तीन नंबरचा बावटा लागला की प्रश्नच मिटला, लाँच बंद.

मला हा हिशेब कळला तेव्हा उरणकरांनी रेल्वेसाठी एवढा ध्यास का घेतला ते उमगलं. रस्ता होता, पण तो पनवेलकडून किंवा बेलापूरकडून खाडीला वळसा घालून येणारा. पुढे न्हावा शेव्याचं बंदर झाल्यावर त्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली आणि एसटीतल्या माणसाने किती वाजता पोचू हे सांगणंच सोडून दिलं. ठरल्या वेळेला सुटणारी गाडी ही इथे चैन नव्हती.

आता रुळांकडे येऊ. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली. १९७० च्या मार्चमध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या यादीत आल्या. त्याच दशकात, १९७४ साली, बॉम्बे हायला तेल लागलं आणि त्याचा किनाऱ्यावरचा मोठा प्रकल्प उरणला आला. बोकडवीऱ्याला वायूवर चालणारं वीज केंद्र उभं राहिलं. २६ मे १९८९ ला न्हावा शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. देशाच्या कंटेनर वाहतुकीत आज या बंदराचं नाव अगदी वर आहे.

बंदर आलं की मालगाडी येतेच. पनवेलहून जासईमार्गे बंदराकडे जाणाऱ्या रुळांवरून कंटेनरच्या लांबलचक मालगाड्या वर्षानुवर्षं धावत आल्या आहेत. जासई-चिर्ले परिसरात राहणाऱ्या माणसाला रेल्वे नवी नाही. इंजिनाचा भोंगा तो लहानपणापासून ऐकतो आहे. बंदर सुरू झालं १९८९ ला, उरणची लोकल २०२४ ला. मधली जवळजवळ ३५ वर्षं दिल्लीकडे जाणारा डबा जासईहून रुळावरून निघत होता आणि त्याच गावातून कॉलेजला जाणारी मुलगी सहा आसनी रिक्षात कोंबून बसत होती. या शाखेचा इतिहास सांगताना मला हीच गोष्ट सर्वांत आधी सांगावीशी वाटते. रूळ कुणासाठी आधी टाकले गेले, यावरून त्या काळाने कुणाची गरज मोठी मानली ते समजतं.

जासईचं नाव निघालं आहे तर इथे थोडं थांबायलाच हवं. हे दि. बा. पाटलांचं गाव. जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पोलिसांचा गोळीबार झाला. दोन दिवसांत पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या बदल्यात मूळ मालकाला साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची जी योजना पुढे नवी मुंबईत राबवली गेली, तिची मुळं या लढ्यात आहेत. दरवर्षी जासईत हुतात्म्यांना अभिवादन होतं. लोकल उरणला पोचली तेव्हा त्या घटनेला ४० वर्षं पुरी व्हायला फक्त चार दिवस उरले होते. नवघर फाटा आणि आजचं न्हावा शेवा स्थानक एकाच शिवारातले. गाडीत बसून खिडकीतून दिसणारी जमीन ती आहे, हे नव्या प्रवाशाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहितो आहे.

प्रवासी मार्गाला मंजुरी मिळाली १९९६-९७ च्या सुमारास. खर्चाची वाटणी ठरली: सिडको ६७ टक्के, रेल्वे ३३ टक्के. नवी मुंबईतली रेल्वे या वाटणीमुळेच वेगळी दिसते. मुंबईत रेल्वे आधी आली आणि वस्ती तिच्याभोवती कशीबशी चिकटत गेली. इथे वस्ती कुठे बसवायची ते कागदावर ठरवून स्थानकं आखली गेली. ९ मे १९९२ ला मानखुर्दहून खाडी ओलांडून गाडी वाशीला आली, पुढे नेरूळ, बेलापूर आणि १९९८ साली पनवेल. ठाण्याकडून येणारा मार्ग २००४ च्या नोव्हेंबरात जोडला गेला. उरण मात्र राहिलं.

का राहिलं, याचं उत्तर निम्मं जमिनीत आहे आणि निम्मं जमिनीच्या कागदांत.

आधी जमीन. नेरूळ-बेलापूरपासून उरणपर्यंतचा बराच पट्टा खाडीचा आणि खारजमिनीचा. ‘खार’ म्हणजे बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून राखलेली जमीन. या मार्गावरच्या खारकोपर आणि शेमटीखार या नावांत तीच आहे. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाळाचे बांध घालून, फुटले की रातोरात गावकीने बुजवून, या जमिनीत भात पिकवला, मीठ पिकवलं. पण भाताला मानवणारी ही माती रुळाला मानवत नाही. खाली काही मीटर खोल मऊ, पाणी धरून बसलेली चिकणमाती असते. तिच्यावर मातीचा भराव टाकला की वजनाने आतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि भराव खचतो. तो सगळीकडे सारखा खचत नाही, आणि रुळाला धोका नेमका त्याचाच. म्हणून अशा जागी आधी भराव टाकून माती दाबू द्यावी लागते, पाणी निचरून जायला वाट करून द्यावी लागते, मग वर खडी, मग स्लीपर. घाई केली तर आयुष्यभर दुरुस्ती. जिथे पाणीच आहे तिथे पूल. मुख्य अडसर पनवेल खाडीचा. ती ओलांडल्यावर गाडी उलव्याच्या बाजूला उतरते. वाटेत खारफुटी लागते. तिला हात लावायचा तर वनखात्याची आणि न्यायालयाची परवानगी हवी. ती सहज मिळू नये असंच माझं मत आहे. कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्यांची पिल्लं वाढतात ती याच मुळ्यांत, आणि उधाणाचा पहिला तडाखाही हीच झाडं झेलतात.

कागदांची बाजू अधिक दुखरी आहे. ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला आणि भूखंड किती आणि केव्हा, यावर वाद होत राहिले. खुद्द उरण स्थानकाच्या जागेसाठी कोटनाका-काळाधोंडा भागातल्या शेतकऱ्यांनी आंदोलनं केली, काम थांबवलं. बाहेरच्याला ही विकासाच्या आड येणारी माणसं वाटतात. १९८४ ज्यांच्या घरात घडलं आहे, त्यांना तसं वाटत नाही.

अखेर मार्ग दोन तुकड्यांत उघडला. पहिला, १२.४ किलोमीटरचा, नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंत, ११ नोव्हेंबर २०१८ ला. दुसरा, १४.६ किलोमीटरचा, खारकोपरहून उरणपर्यंत. मधली पाच वर्षं खारकोपर हेच शेवटचं स्थानक होतं. उलव्यातले टॉवर तेव्हा अजून वर चढतच होते.

या शाखेची ठेवण समजून घेण्यासारखी आहे. तिला दोन तोंडं आहेत. एक फांदी नेरूळहून सीवूड्स-दारावे मार्गे येते, दुसरी बेलापूरहून. खाडीकाठी दोन्ही एक होतात आणि पुढे तरघर, बामणडोंगरी, खारकोपर, गव्हाण, शेमटीखार, न्हावा शेवा, द्रोणागिरी आणि उरण असा एकच मार्ग राहतो. ठाण्याकडून येणाऱ्याने नेरूळला बदलायचं, पनवेलकडून येणाऱ्याने बेलापूरला. उरणची लोकल मुंबईत शिरत नाही, त्यामुळे उरणकराला सीएसएमटीचं तिकीट काढलं तरी एक जिना चढावा-उतरावाच लागतो. उरणला सेवा पोचली तेव्हा दिवसाला साधारण ४० फेऱ्या होत्या, त्याही दोन फांद्यांत वाटलेल्या. हार्बरवर वाढलेल्या माणसाला गाडी चुकल्याचं काही वाटत नाही, चार-पाच मिनिटांत दुसरी येते. इथे चुकली तर फलाटावर बसून राहायचं. म्हणून या शाखेवर वेळापत्रक पाठ करणारी माणसं पुन्हा दिसू लागली. पूर्वी तिथी पाठ होत्या, आता ‘पाच वाजून इतकी मिनिटं’ पाठ आहेत.

आता नावांकडे, कारण गावातली चर्चा सर्वाधिक त्यावरच आहे. रांजणपाडा म्हणून आखलेलं स्थानक शेमटीखार नावाने उघडलं. तिथल्या लोकांचं म्हणणं, ही जागा धुतूमची, नाव धुतूम द्या. द्रोणागिरी हे नाव करंज्याच्या बाजूच्या डोंगरावरून सिडकोने आखलेल्या विभागाला मिळालं आणि विभागावरून स्थानकाला. जमीन मात्र बोकडवीऱ्याची. न्हावा शेवा स्थानक ज्या शिवारात आहे ते नवघरचं. उरण स्थानकाला कोट गावाचं नाव द्यावं, अशीही मागणी झाली. मला या मागण्या क्षुल्लक वाटत नाहीत. शेत गेलं, मिठागर गेलं, गावाची वेस नव्या सेक्टरांत हरवली. आता गावाचं नाव रोज मोठ्याने उच्चारलं जाईल अशी जागा उरली ती फलाटाची.

न्हावा शेवा या नावाचीच गोष्ट पाहा. न्हावा आणि शेवा ही दोन वेगळी गावं. बंदरासाठी शेवा उठलं. शेतकऱ्यांसाठी नवीन शेवा वसवलं गेलं आणि कोळी कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात नेलं. तिथल्या घरांना वाळवी लागली. भिंती, चौकटी पोखरून निघाल्या आणि दुसऱ्या जागेसाठी त्या कुटुंबांचा लढा दशकांमागून दशकं चालू राहिला. त्यांच्या गावाचं नाव दरम्यान जगभरच्या जहाजांच्या कागदांवर पोचलं. आता ते लोकलच्या डब्यातही ऐकू येतं: पुढील स्टेशन, न्हावा शेवा. हनुमान कोळीवाड्याहून मुंबईला निघालेल्या कोळणीलाही ते ऐकू येतं, आणि त्या स्थानकावर तिचं गाव नसतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पनवेलला येऊन दक्षिणेची वाट धरू आणि आपट्याला उतरू.