गेम २,७०० चा, गिटार १२,५०० ची: ‘रॉक बँड ३’चा हिशोब

एसटीत रेंज गेली की आवाज तुटतो, म्हणून हा या भागाचा मजकूर.

आजचा विषय रिदम गेम. गाणं वाजतंय, स्क्रीनवर रंगीत ठिपके तुमच्याकडे सरकतायत, आणि ठिपका रेषेवर आला की बरोब्बर त्याच क्षणी बटण दाबायचं. एवढाच खेळ. मोबाईलवर बोटाने होतो, वेगळं सामान लागत नाही. कन्सोलवर मात्र सामानच मोठं. त्यातला सगळ्यात धाडसी सीक्वेल म्हणजे हार्मोनिक्स कंपनीचा ‘रॉक बँड ३’, ऑक्टोबर २०१० चा.

नवीन काय होतं त्यात? एक, २५ पट्ट्यांचा कीबोर्ड. दोन, तिघांनी वेगवेगळ्या सुरात एकत्र गायची सोय. आणि तीन, खरी गंमत: प्रो मोड. आधीच्या गिटारला पाच रंगीत बटणं असायची. प्रो मोडच्या मस्टँग गिटारला १०२! सहा तारा गुणिले १७ फ्रेट, प्रत्येक जागेला एक बटण. म्हणजे बोटं खऱ्या गिटारसारखीच ठेवायची. मार्च २०११ मध्ये तर खऱ्या तारांची स्क्वायर गिटार आली. बोट कुठल्या फ्रेटवर आहे हे ती गेमला कळवायची.

आता खर्च. अमेरिकेतल्या किमती आणि तेव्हाचा डॉलर साधारण ४५ रुपये धरू. गेम ६० डॉलर, म्हणजे २,७००. कीबोर्ड ८०, म्हणजे ३,६००. मस्टँग १५०, म्हणजे ६,७५०. ड्रमच्या वरच्या झांजा ४०, म्हणजे १,८००. झाले जवळपास १५,००० रुपये, आणि यात ड्रम नाही, माईक नाही, कन्सोल तर नाहीच! मस्टँगऐवजी स्क्वायर घेतली तर ती एकटीच २८० डॉलर, साडेबारा हजारांच्या आसपास.

जुनी गिटार, जुने ड्रम नव्या गेममध्ये चालायचे, हे मात्र चांगलं केलं होतं. तरीही डिसेंबर २०१० मध्ये व्हायाकॉमने हार्मोनिक्स विकून टाकली. फेब्रुवारी २०११ मध्ये अॅक्टिव्हिजनने ‘गिटार हिरो’चा विभागच बंद केला. पाच बटणांची ती गिटार गेमशिवाय कशाला वापरणार? लोकांच्या माळ्यावर गेली.

पण सगळंच सामान माळ्यावर जायची गरज नव्हती. ‘रॉक बँड ३’च्या कीबोर्डला मिडी आउट होता. मिडी ही वाद्यांची १९८३ पासूनची बोलीभाषा. तिच्यातून आवाज जात नाही, निरोप जातो: कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. म्हणून गेम बंद केला तरी तो कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडून वाजवता यायचा. उलटंही व्हायचं: ४० डॉलरचा एक अडॅप्टर घेतला की घरातला खरा मिडी कीबोर्ड किंवा ड्रम गेमला जोडता यायचा.

आता आपल्या गावाकडे या. हळदीला बेंजो पार्टी येते, तिच्यात कीबोर्ड असतो, ऑक्टापॅड असतो. ही वाद्यंही बहुतेक मिडीच बोलतात! अँड्रॉइडमध्ये ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, मिडीची सोय आहे. कीबोर्डला यूएसबी पोर्ट असेल तर ओटीजी लावून फोनला जोडा आणि ‘सिंथेशिया’सारखं अॅप उघडा. वरून पट्ट्या पडतात, खाली तुम्ही खरं वाजवता. ऑक्टापॅडला गोल पोर्ट असेल तर मिडी-टू-यूएसबी केबल लागते. ती पीसीला लावा. ‘क्लोन हिरो’ हा मोफत गेम मिडी ड्रम ओळखतो.

एक सूचना. रिदम गेमला ब्लूटूथ इयरफोन नको. त्यात आवाज १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा येऊ शकतो. १०० मिलिसेकंद म्हणजे किती? हवेत आवाज तेवढ्यात ३४ मीटर जातो. म्हणजे बेंजो मांडवात आणि तुम्ही ३४ मीटरवर उभे राहून ताल पकडताय. ठिपके चुकणारच! साधा वायरचा इयरफोन लावा, नाहीतर गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅलिब्रेशन करा.

तर कुठलाही सीक्वेल आला, नवीन सामान दाखवलं, की किंमत बघण्याआधी एकच विचारा: उद्या हा गेम बंद पडला तर ही वस्तू वाजेल का? वाजणार असेल तर पैसे वाद्यावर गेले. नसेल तर बटणांवर गेले.

आणि विकत घ्यायची घाई कशाला? आषाढात लग्नं नसतात, बेंजोवाल्यांची वाद्यं घरीच असतात. ओळखीच्या दादाला विचारा, एक संध्याकाळ फोन जोडून बघा. जमलं तर कळवा. भेटू पुढच्या भागात!