कवचधारी प्राण्यांतील नरत्व : संप्रेरक आणि त्याचा ग्राही

प्रस्तावना :
पृष्ठवंशीय प्राण्यांमध्ये शुक्राणूंची निर्मिती आणि नर-संप्रेरकाचे स्रवण ही दोन्ही कार्ये वृषणातच चालतात. कोळंबी, खेकडे इत्यादी कवचधारी प्राण्यांत मात्र ती विभागलेली आहेत. शुक्राणू वृषणात तयार होतात, तर नराची लक्षणे घडविणारे संप्रेरक शुक्रवाहिनीच्या टोकाशी असलेल्या स्वतंत्र नरत्वजनक ग्रंथीतून स्रवते. प्रस्तुत लेखात गोड्या पाण्यातील महाकाय कोळंबीच्या (मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी) आधारे हे संप्रेरक व त्याचा ग्राही यांच्या संबंधाचे विवेचन केले आहे. भारतातही या कोळंबीचे संवर्धन केले जाते.

ग्रंथी व संप्रेरक :
फ्रेंच संशोधिका एलेन शार्निओ-कोतों यांनी १९५४ मध्ये ऑर्केस्टिया या किनाऱ्यावरील लहान कवचधारी प्राण्यात ही ग्रंथी प्रथम ओळखली. ती मादीत रोपित केली असता मादीमध्ये नराची लक्षणे प्रकट झाली. पुढे हे संप्रेरक इन्सुलिनसदृश प्रथिन असल्याचे सिद्ध झाले. महाकाय कोळंबीतील त्याचे जनुक २००९ मध्ये इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठातील आमिर सागी व सहकाऱ्यांनी शोधले.

२०१२ मध्ये याच गटाने द्विसूत्री आरएनएच्या साहाय्याने हे जनुक कोवळ्या नरांत निष्प्रभ केले. परिणामी नराचे प्रजननक्षम मादीत रूपांतर झाले. या जातीत नराची लिंगगुणसूत्रे 'झेडझेड', तर मादीची 'झेडडब्ल्यू' असतात. रूपांतरित मादी जनुकीयदृष्ट्या 'झेडझेड'च राहते. म्हणून तिचा सामान्य नराशी संकर केल्यास सर्व संतती नर निपजते. नर मादीपेक्षा मोठे होत असल्याने संवर्धकास याचे आर्थिक महत्त्व आहे.

ग्राहीचे कोडे :
संप्रेरकाचा संदेश पेशीपर्यंत पोहोचण्यासाठी ग्राहीची आवश्यकता असते. या कोळंबीतील इन्सुलिनसदृश ग्राही २०१६ मध्ये वर्णिला गेला. संप्रेरक त्यास बांधले जाते, हेही प्रयोगाने दिसून आले. तेव्हा ग्राही निष्प्रभ केल्यास संप्रेरक निष्प्रभ केल्याचाच परिणाम दिसावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात लिंगबदल झाला नाही. उलट नरत्वजनक ग्रंथीची अतिवृद्धी झाली, संप्रेरकाचे उत्पादन वाढले आणि शुक्रवाहिनीच्या टोकाकडील भागात अपक्व शुक्रपेशी मोठ्या संख्येने आढळल्या.

यावरून दोन गोष्टी सूचित होतात. एक, हा ग्राही ग्रंथीच्या नियमनात भाग घेतो. त्याच्या अभावी ग्रंथीवरील अंकुश सैल पडतो. दोन, लिंगनिश्चितीचा संदेश केवळ याच ग्राहीवर अवलंबून नसावा.

निष्कर्ष :
सर्व-नर संततीचे तंत्र संप्रेरकाच्या ज्ञानावर उभे राहिले. त्यासाठी ग्राहीची संपूर्ण माहिती आवश्यक ठरली नाही. परंतु एका जातीतील यश दुसऱ्या जातीत नेताना हीच उणीव अडसर ठरू शकते. संप्रेरक कोणते, याबरोबरच ते कोणत्या पेशीत, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या ग्राहीमार्फत ग्रहण केले जाते, याचा उलगडा होणे म्हणूनच अगत्याचे आहे.