जलशाचा यजमान कोण?

गणेशोत्सवातला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनातला ‘विविध गुणदर्शना’चा कार्यक्रम ज्याने पाहिला आहे, त्याला अमेरिकन टेलिव्हिजनवरचे जुने ‘व्हरायटी शो’ मुद्दाम समजावून सांगायला नकोत. एक गाणे, मग नकला, मग जादूचे प्रयोग, मग चार मुलींचा नाच, मध्येच एखाद्या पाहुण्याचे दोन शब्द आणि या सगळ्यांची मोट बांधणारा एक सूत्रधार. फरक एवढाच, की आपल्याकडे हा प्रकार मांडवात शे-पाचशे माणसांपुढे होई आणि तिकडे तो दर आठवड्याला कोट्यवधी लोकांच्या दिवाणखान्यात एकाच घटकेला होत असे.

गेली काही वर्षे मला हे जुने कार्यक्रम पाहण्याचा नाद लागला आहे. त्यांतल्या बऱ्याच कार्यक्रमांची चित्रणे आता घरबसल्या पाहता येतात. पण पाहता पाहता माझे लक्ष गाण्यांवरून हळूहळू दुसरीकडेच जाऊ लागले. गाणाऱ्याच्या मागे कोणाचे नाव झळकते आहे, पाहुणा यजमानापासून किती अंतरावर उभा आहे, दोघांनी हस्तांदोलन केले की नुसतीच मान लववली? ऐकायला या गोष्टी क्षुल्लक वाटतात. त्या काळी त्यांवरून अक्षरशः पत्रापत्री होत असे.

आधी या प्रकाराच्या मेरुमण्याविषयी सांगतो. १९४८ सालच्या जून महिन्यात सीबीएस कंपनीने एड सलिव्हन नावाच्या एका वर्तमानपत्री स्तंभलेखकाला रविवारी रात्रीचा एक तास दिला. हा गृहस्थ गात नसे, नाचत नसे, विनोद सांगू लागला की ऐकणाऱ्यालाच संकोच वाटावा. रंगमंचावर आला की मान खांद्यात रुतलेली आणि हातांचे काय करावे याची पंचाईत! तरीसुद्धा त्याचा कार्यक्रम १९७१ पर्यंत, म्हणजे तब्बल २३ वर्षे चालला. कारण एकच. कोणाला बोलवावे हे त्याला बरोबर कळत असे. मारिया कॅलाससारखी ऑपेराची सम्राज्ञी त्याच्याकडे गाऊन गेली आणि काठ्यांवर बशा फिरवणारा कसरतपटूही त्याच रंगमंचावर घाम गाळून गेला. टोपो जिजो नावाचा इटालियन बाहुला-उंदीर तर घरोघरच्या पोरांचा लाडका होता. आजीसाठी काहीतरी, वडिलांसाठी काहीतरी, थोरल्या मुलीसाठी काहीतरी. आणि आपल्या आवडीचे येईपर्यंत प्रत्येकाने दुसऱ्याच्या आवडीचे पाहत बसायचे. घरात टेलिव्हिजनचा संच एकच असला म्हणजे दुसरे करणार काय?

तोही संच घरोघरी होताच असे नाही. १९५० साली अमेरिकेत १०० घरांपैकी सुमारे ९ घरांत तो होता. १९६० उजाडेतो ही संख्या ८५ च्या वर गेली. १९५६ च्या सप्टेंबरात एल्व्हिस प्रेस्ली सलिव्हनच्या कार्यक्रमात पहिल्यांदा आला तेव्हा ६ कोटी माणसांनी त्याला पाहिले. पुढच्या जानेवारीत तो पुन्हा आला, तेव्हा कॅमेऱ्याने त्याला कमरेच्या खाली दाखवायचेच नाही असा हुकूम सुटला. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स आले. नाट्यगृहात खुर्च्या ७२८ आणि तिकिटांसाठी मागण्या ५० हजार! घरी बसून पाहणाऱ्यांचा आकडा ७ कोटी ३० लाखांचा.

आता या सगळ्या थाटाचा खर्च कोण करीत असे? आपल्या वाचकांना ‘बिनाका गीतमाला’ आठवत असेलच. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा आवाज आपण ऐकत होतो, पण नाव मात्र दंतमंजनवाल्यांचे होते. अमेरिकेतही तेच. मिल्टन बर्लचा कार्यक्रम टेक्साको तेलकंपनीच्या नावाने चाले आणि त्याच्या आरंभी पेट्रोल भरणाऱ्यांच्या गणवेशातली चौघे माणसे येऊन गात. सलिव्हनच्या मागे फोर्डची लिंकन-मर्क्युरी मोटार होती. म्हणजे पडद्यावर हसतमुखाने स्वागत करणारा एक यजमान आणि पडद्याआड चेकवर सही करणारा दुसरा. जलशाचा खरा यजमान कोण, हा प्रश्न तिथे उपस्थित होतो.

सलिव्हनने कृष्णवर्णीय कलावंतांना आपला रंगमंच पहिल्यापासून मोकळा ठेवला होता. नॅट किंग कोलचा हात त्याने हाती घेतला आणि पर्ल बेली या गायिकेच्या गालाचे चुंबन घेतले. झाले! दक्षिणेकडच्या मोटारविक्रेत्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. त्यांच्या प्रांतांत तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळसुद्धा वेगळे. ‘पाणवठा वेगळा’ म्हणजे काय हे महाराष्ट्राला निराळे सांगायला नको. सलिव्हन बधला नाही हे त्याच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे. त्याची पाहणीदारांत इतकी चलती होती, की कंपनीलाही त्याला दुखावणे परवडत नव्हते.

पण ज्याच्या हाती अशी ढाल नव्हती, त्याचे काय झाले? नॅट किंग कोलची कथा मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी वाटते. हा माणूस मुळात उत्तम पियानोवादक. आवाज असा, की मखमलीवरून हात फिरवावा. ‘मोना लिसा’ आणि ‘अनफर्गेटेबल’ या त्याच्या गाण्यांच्या तबकड्या गोऱ्या घरांतूनही मोठ्या हौसेने वाजत. १९५६ च्या एप्रिलमध्ये अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरी भर कार्यक्रमात काही गोऱ्यांनी रंगमंचावर चढून त्याच्यावर हल्ला केला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एनबीसी कंपनीने त्याला स्वतःच्या नावाचा साप्ताहिक कार्यक्रम दिला. आरंभी पंधरा मिनिटांचा, पुढे अर्ध्या तासाचा.

पाहणारे होते, वाहवा होत होती. नव्हता तो फक्त पुरस्कर्ता. देशभर माल विकणारी एकही मोठी कंपनी पुढे येईना. आपल्या साबणाचे किंवा सिगारेटचे नाव काळ्या माणसाशी जोडले गेले, तर दक्षिणेतले गिऱ्हाईक पाठ फिरवील ही धास्ती. तेव्हा खर्चाचा बोजा बव्हंशी एनबीसीने स्वतः उचलला, आणि कोलच्या मित्रांनी काय करावे? एला फिट्‌झजेराल्ड, पेगी ली, हॅरी बेलाफॉन्टे, टोनी बेनेट अशी ज्यांची एकेका रात्रीची बिदागी ऐकून डोळे फिरावेत अशी मंडळी कलावंतांच्या संघटनेने ठरवलेल्या किमान मोबदल्यावर त्याच्याकडे येऊन गाऊन गेली. मैफलीतल्या माणसांचा असा बंधुभाव आपल्याकडेही पाहायला मिळतो. पण बंधुभावावर स्टुडिओचे भाडे भागत नाही. १९५७ च्या डिसेंबरात कोलने आपण होऊन कार्यक्रम थांबवला. जाहिरातवाल्यांना ‘अंधाराची’ भीती वाटते, अशा अर्थाची त्याची एक कोटी प्रसिद्ध आहे. या कार्यक्रमांची जी चित्रणे उरली आहेत, ती अवश्य पाहावीत. माणूस इतका शांत, इतका नीटनेटका, की त्याच्यामुळे कोणाचा व्यापार बुडेल असे कोणाच्या डोक्यात तरी कसे आले, याचे नवल वाटत राहते.

साप्ताहिक कार्यक्रमांखेरीज या काळात ‘स्पेशल’ नावाचा एक खास प्रकार रुजला. म्हणजे वर्षातून एखादे वेळी होणारा, एकाच कलावंताभोवती किंवा एकाच कथेभोवती गुंफलेला संगीताचा कार्यक्रम. त्यांतले एक-दोन तर थक्क करणारे होते. १९५७ च्या ३१ मार्चला रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीचे ‘सिंड्रेला’ हे संगीतक सीबीएसवर थेट प्रक्षेपित झाले. नायिका ज्यूली अँड्र्यूज. एका रात्रीत १० कोटी ७० लाख प्रेक्षक! प्रक्षेपण रंगीत होते, पण आज आपल्याला ते कृष्णधवलच पाहावे लागते; कारण त्या वेळी पडद्यावरचे चित्र फिल्मच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवण्याची जी रीत होती, त्या रीतीने केलेली प्रतच तेवढी मागे राहिली. चुंबकीय फितीवर चित्र उमटवण्याची युक्ती १९५६ साली निघाली खरी, पण फिती महाग, म्हणून एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा घ्यायचा. कितीतरी गाणी अशी हवेत विरून गेली. १९५८ च्या ऑक्टोबरातला फ्रेड अ‍ॅस्टेअरचा नृत्याचा कार्यक्रम मात्र रंगीत फितीवर सुखरूप राहिला. त्याला नऊ एमी पारितोषिके मिळाली. पैसे होते क्रायस्लर मोटारकंपनीचे. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

जाता जाता एक सांगण्याजोगी गोष्ट. १९५५ साली ‘ऑम्निबस’ नावाच्या अशाच, पण जरा अभ्यासू वळणाच्या कार्यक्रमात अलिस्टर कुक याने आपल्या अली अकबर खाँसाहेबांचे सरोदवादन अमेरिकनांना ऐकवले. रविशंकरांच्या सतारीची लाट तिकडे उसळली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

कोलनंतर दोन वर्षांनी पाळी आली बेलाफॉन्टेची. १९५९ च्या डिसेंबरात ‘टुनाइट विथ बेलाफॉन्टे’ हा त्याचा स्पेशल सीबीएसवर झाला. लोकगीते, कष्टकऱ्यांची गाणी, ओडेटासारखी दमदार आवाजाची गायिका. एमी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय कलावंत ठरला. पैसे रेव्हलॉन या प्रसाधनवाल्यांचे होते आणि पुढचेही कार्यक्रम ठरले होते. पण बेलाफॉन्टेने पुढे सांगितल्याप्रमाणे त्याला सूचना आली, की रंगमंचावर काळे आणि गोरे यांची मिसळ नको. सगळे काळेच घ्या, आमची ना नाही. तो म्हणाला, ते होणे नाही. कार्यक्रम बंद.

हाच बेलाफॉन्टे १९६८ साली पेट्युला क्लार्क या इंग्रज गायिकेचा पाहुणा म्हणून एनबीसीच्या स्टुडिओत आला. दिग्दर्शक होता स्टीव्ह बाइंडर. दोघांचे युद्धविरोधी गीत रंगात आले आणि गाता गाता पेट्युलाने सहज त्याच्या दंडावर हात ठेवला. एवढेच. पैसे देणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी ताडकन उठला. कंपनी कोणती? तीच क्रायस्लर. दोघांना अंतरावर उभे करून घेतलेले चित्रण वापरा, हे वापरू नका, असा त्याचा आग्रह. पेट्युला, कार्यक्रमाचा निर्माता असलेला तिचा नवरा आणि बाइंडर यांनी यावर जो तोडगा काढला, तो मला फार आवडतो. त्यांनी त्या गाण्याची बाकीची सगळी चित्रणे पुसून टाकली. घ्या, आता हे एकच आहे! एप्रिलमध्ये कार्यक्रम लागला तो त्या स्पर्शासह. त्याच महिन्याच्या ४ तारखेला मेम्फिस शहरी मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला होता.

अमेरिकन टेलिव्हिजनवर गोऱ्या स्त्रीने काळ्या पुरुषाला केलेला हा पहिला स्पर्श, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नव्हे. १९६७ च्या डिसेंबरातच नॅन्सी सिनात्राच्या स्पेशलमध्ये सॅमी डेव्हिसने तिच्या गालाचे चुंबन घेतले होते, आणि सलिव्हनचे तर वर सांगितलेच. पहिलेपणाचा मान नसला म्हणून त्या पुसलेल्या फितींची किंमत कमी होत नाही.

याच बाइंडरने दोनच महिन्यांनी एल्व्हिसचा स्पेशल हाती घेतला. पैसे सिंगर शिवणयंत्रवाल्यांचे. आमच्या आईच्या त्या काळ्या यंत्रावरची सोनेरी अक्षरे आठवून मला हे वाचताना हसू आले. एल्व्हिसच्या व्यवस्थापकाला, कर्नल पार्करला, हवी होती नाताळची भक्तिगीते. गाऊन झाले की नमस्कार करून निघायचे. एल्व्हिस तर १९६१ पासून प्रेक्षकांपुढे उभाच राहिला नव्हता. जून १९६८ मध्ये तालमी चालू असतानाच त्याच लॉस एंजलिस शहरात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. मेम्फिस हे एल्व्हिसचे स्वतःचे गाव. तेव्हा शेवट नाताळगीताने न करता समतेच्या आशेचे एक नवे गीत घेण्याचे बाइंडरने ठरवले. अर्ल ब्राउनने ते ऐन वेळी लिहून दिले. पार्कर नको म्हणत होता. एल्व्हिसने ते पुन्हा पुन्हा ऐकले आणि गातो म्हणाला. ३ डिसेंबरला तो पांढऱ्या पोशाखात हे गीत गाताना सगळ्या देशाने पाहिले. नाताळचे एक गाणेही मध्ये कुठेतरी बसवले होते, पण कंपनीला आणि कर्नलला त्यावरच समाधान मानावे लागले.

१९७० मध्ये एनबीसीने फ्लिप विल्सन या कृष्णवर्णीय विनोदी नटाला तासाभराचा साप्ताहिक कार्यक्रम दिला. पहिली दोन्ही वर्षे तो देशात लोकप्रियतेत दुसऱ्या क्रमांकावर होता आणि या खेपेला जाहिरातदारांची वानवा पडली नाही. कोलचा कार्यक्रम थांबून तेरा वर्षे झाली होती. कोल स्वतः १९६५ मध्येच, पंचेचाळिशीत, कर्करोगाने गेला होता. विल्सनचाही कार्यक्रम १९७४ साली संपला. कॅरल बर्नेटने आपला १९७८ पर्यंत टिकवला. तोवर घरातल्या प्रत्येक खोलीत निराळा संच येऊ लागला होता, आणि आजीच्या आवडीचे गाणे संपेपर्यंत वाट पाहण्याचे नातवाला काही कारण उरले नव्हते.