प्रकाशाचे पडणे

‘ऊन पडले’, ‘उजेड पडला’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘पडणे’ या क्रियापदात वजनाची कल्पना नसते. चांदणे पडते तसा प्रश्नही पडतो. पारिभाषिक मराठीचा पाठ घेताना शिरूर-दौंडकडील विद्यार्थ्यांच्या लिखाणात मला मात्र एक वाक्य वारंवार आढळते : ‘प्रकाशकणास वस्तुमान नाही, म्हणून त्यावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होत नाही.’ पूर्वार्ध बरोबर आहे. घात होतो तो ‘म्हणून’ या अव्ययाने. सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाचा संबंध ऊर्जा व संवेग यांच्याशी आहे, आणि प्रकाशकणापाशी ही दोन्ही असतात.

शिरूरहून दौंडकडे एक प्रकाशशलाका आडवी सोडली, असे समजू. हवेतील वक्रीभवन व पृथ्वीची वक्रता क्षणभर बाजूस ठेवावी. हे सुमारे ४५ किलोमीटरांचे सरळ अंतर प्रकाश सेकंदाच्या जवळजवळ सात हजाराव्या भागात तोडतो. तेवढ्या वेळात दगड जितका खाली येईल तितकाच प्रकाशही येतो : मिलिमीटराचा सुमारे दहा हजारावा भाग, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कमी! पडताळ्यासाठी सूर्याकडेच जावे लागले. सूर्याच्या कडेस लागून येणारा तारकाप्रकाश १.७५ विकला वळावा, असे आइन्स्टाइन यांचे भाकीत होते. केवळ दगडाच्या न्यायाने त्याच्या निम्मेच येते, उरलेले निम्मे अवकाशाच्या वक्रतेमुळे. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणातील मोजमापांनी आइन्स्टाइन यांच्या बाजूने कौल दिला.

प्रकाश स्वतःही गुरुत्व निर्माण करतो. कोल्हापुरात जन्मलेले वि. वा. नारळीकर काशीस अध्यापन करीत असता, त्यांच्याकडे संशोधनास आलेल्या प्र. चु. वैद्यांनी १९४३ साली प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे सूत्र प्रसिद्ध केले. त्यापूर्वीच, १९३१ मध्ये, टोलमन प्रभृतींनी एक विलक्षण निष्कर्ष काढला होता : एकाच दिशेने समांतर धावणाऱ्या दोन शलाका परस्परांस ओढत नाहीत, विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या मात्र ओढतात.

गुरुत्व वगळले तर? मॅक्सवेलच्या समीकरणांनुसार दोन शलाका एकमेकींतून निर्वेध जातात, आणि दोन विजेऱ्यांचे झोत तसेच जाताना दिसतात. परंतु पुंजसिद्धांतात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या क्षणिक जोड्यांच्या मध्यस्थीने प्रकाशकणावर प्रकाशकण आदळून विखुरतो. हायझेनबर्ग व ऑयलर यांनी १९३६ मध्ये याचे गणित मांडले. त्याचा प्रत्यक्ष पुरावा जिनीव्हाजवळील सर्न येथील अ‍ॅटलास प्रयोगाने २०१७ मध्ये दिला. शिशाची अतिवेगवान अणुकेंद्रके एकमेकांजवळून नेऊन केलेल्या असंख्य नोंदींतून अशा घटना निघाल्या अवघ्या १३.