पद्मिनीचें अडखळणें

कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या 'पद्मिनी'नें २०२३ च्या ऑक्टोबरांत टॅक्सी म्हणून मुंबईचा निरोप घेतला. कांहीं घरांतून मात्र ती अद्याप जपली जाते. अशी मोटार उभी असतां थरथरूं लागली, अथवा वेग देतांना क्षणभर दम खाऊं लागली, कीं मालकाचा हात प्रथम कार्बुरेटरच्या स्क्रूकडे जातो. घोटाळा होतो तो येथेंच. दोष बहुधा ठिणगीचा असतो, आणि स्क्रू फिरवून ठेवल्यावर तो ओळखणें दुप्पट कठीण होतें.

इंजिन संथ चालूं द्यावें व रबरी मुठीच्या पकडीनें एकेका प्लगची तार क्षणभर काढावी. इंजिन अधिकच अडखळलें, तर तो सिलिंडर कामांत आहे. कांहींच फरक पडला नाहीं, तर चौघांतील आळशी तोच. त्याचा प्लग व तार तपासावी. चारही सारखेच दुबळे वाटले, तर डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट पाहावेत; अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असलेली त्यांची फट झिजेनें बदलते.

ठिणगी निर्दोष ठरल्यावर चोक किंचित् ओढावा. इंजिन सुधारलें, तर मिश्रणांत पेट्रोल कमी पडत आहे: कार्बुरेटरखालच्या गॅस्केटमधून वा फाटक्या रबरी नळींतून हवा शिरत असेल, नाहीं तर जेटमध्यें कचरा असेल.

संथ चाल चांगली, पण वेग देतांनाच अडखळ, असें असल्यास इंजिन बंद करून गार होऊं द्यावें. मग हवेची गाळणी काढून थ्रॉटल दाबावा. (जवळपास विडी नसावी!) कार्बुरेटरच्या घशांत पेट्रोलची बारीक धार तत्काळ उडाली नाहीं, तर वेग देणाऱ्या पंपाचा पडदा फाटला आहे असें समजावें, अथवा त्याची वाट तुंबली आहे.