रस्त्यावरची पिशवी कुणाच्या हाताला लागते?

पावसाळा तोंडावर आला की आम्ही आरोग्याचे काम करणाऱ्या बाया वस्तीवस्तीतून फिरतो. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांची माहिती देतो. घरात पाऊल टाकले की मन प्रसन्न होते. दहा बाय बाराची खोली, पण फरशी पुसलेली, मांडणीवर भांडी लखलखीत, तथागत आणि बाबासाहेबांच्या फोटोंना ताजे हार. आणि त्याच घरातून बाहेर पडून गल्लीच्या तोंडाशी आलो की विजेच्या खांबाला टेकून पिशव्यांचा ढीग. फाटलेली डायपर, शिळा भात, गुटख्याच्या पुड्या, नारळाच्या करवंट्या. वर माश्या, खाली घूस आणि मध्ये कुत्र्यांची भांडणे.

घर लख्ख ठेवणारे हात आणि ढिगावर पिशवी भिरकावणारे हात वेगळे नाहीत. उंबरठ्याच्या आतले आपले आणि बाहेरचे कुणाचेच नाही, ही सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे. इमारतींत, बंगल्यांतही तीच आहे. गाडीची काच खाली करून रस्त्यावर रिकामी बाटली टाकणारा काही वस्तीतला नसतो. पण त्याच्या रस्त्यावर सकाळी झाडू फिरतो, आपल्या गल्लीत चार-चार दिवस फिरत नाही. म्हणून त्या सवयीची किंमत आजाराच्या रूपाने आपल्याला जास्त मोजावी लागते.

ढिगातून घरात काय येते?

डास : डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारातल्या घाण पाण्यापेक्षा साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. रस्त्याकडेला टाकलेला चहाचा कप, शहाळे, टायर, बाटलीचे झाकण यांत पावसाचे थोडे पाणी साचले तरी त्याला पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि पाणी आटले तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते आणि रस्त्यावरचा कप उचलावाच लागतो. हा डास दिवसा चावतो. ताप आला तर मनाने ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, डेंग्यूत त्याने रक्तस्राव होऊ शकतो. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.

माश्या : ढिगावर टाकलेल्या डायपरवर बसलेली माशी दोन मिनिटांनी आपल्या भाकरीवर बसते. लहान मुलांच्या जुलाबांचे एक कारण हेच. जुलाब सुरू झाले की लगेच ओआरएस सुरू करा, अंगावरचे दूध बंद करू नका आणि आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घेऊन सांगितलेले सगळे दिवस द्या.

उंदीर-घुशी : ओला कचरा म्हणजे त्यांचे जेवण. त्यांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतात. तुंबलेल्या पाण्यातून चालत गेल्यावर काही दिवसांत जोराचा ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर अंगावर काढू नका. पायाला जखम असताना पाण्यातून जावे लागले असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता दवाखान्यात विचारा. वेळेत घेतलेली प्रतिबंधक गोळी उपयोगी पडते.

कुत्री : जिथे खायला मिळते तिथे टोळी जमते आणि आपली मुले तिथूनच शाळेत जातात. कुत्रा चावला तर हळद, चुना, मिरची काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करा. ठरलेले सगळे डोस पूर्ण करा. रेबीज एकदा झाला की जीव वाचत नाही, आणि लस वेळेवर घेतली तर तो होऊ देत नाही.

धूर : ढीग वाढला की कुणीतरी काडी लावतो. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो. दमेकरी, टीबीतून उठलेला माणूस, गरोदर बाई आणि तान्हे बाळ यांना तो सगळ्यात आधी बाधतो. मुंबईत देवनारचे डंपिंग ग्राउंड १९२७ सालापासून आहे. २०१६ च्या जानेवारीत त्याला आग लागली, तेव्हा शाळा बंद ठेवाव्या लागल्या. साऱ्या शहराचा कचरा गोवंडीच्या गरीब वस्त्यांच्या उशाशी, आणि धूरही त्यांच्याच छातीत. मोठ्या प्रमाणावर जे तिथे झाले तेच छोट्या प्रमाणावर आपल्या गल्लीच्या कोपऱ्यात होत असते.

आणि पूर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाने पाणी भरणारच होते, पण प्लॅस्टिकने तुंबलेल्या नाल्या-गटारांनी ते उतरू दिले नाही. पाणी ओसरल्यावर लेप्टोने माणसे गेली. पिशवी आपण रस्त्यावर टाकतो, पाऊस ती गटारात नेतो आणि गटार ते पाणी आपल्याच घरात परत आणते.

बैठकीत मिळणारी उत्तरे

महिला मंडळांच्या बैठकीत हा विषय काढला की ठरलेली उत्तरे येतात. त्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

"पालिका कशाला आहे?" बरोबर आहे, काम पालिकेचेच आहे आणि ते तिच्याकडून करून घेतलेच पाहिजे. पण पालिकेची गाडी गल्लीच्या तोंडाशी सात वाजता येते आणि आपली पिशवी नऊ वाजता पडते, तेव्हा ती पिशवी दुसऱ्या दिवसापर्यंत आपलीच असते.

"सगळेच टाकतात, माझ्या एकटीने काय होणार?" ढीग कसा सुरू होतो ते बघा. सकाळी झाडलेल्या कोपऱ्यावर पहिली पिशवी टाकायला माणूस कचरतो. ती एक पडली की संध्याकाळपर्यंत दहा पडतात. म्हणजे पहिली पिशवी अडली तरी फरक पडतो.

"एवढ्याशा खोलीत कचरा ठेवायचा कुठे? वास येतो." ही अडचण खरी आहे. पण वास ओल्या कचऱ्याला येतो. भाजीची देठे, शिळे अन्न, माशाचे काटे झाकणाच्या छोट्या डब्यात वेगळे ठेवले तर ते मूठभरच असते. बाकीचा कागद, प्लॅस्टिक, पुठ्ठा कोरडा असतो. तो गोणीत चार दिवस राहिला तरी वास येत नाही आणि भंगारवाल्याकडे त्याचे चार पैसेही मिळतात.

"देवाची फरशी लावा, मग कुणी टाकणार नाही." हा उपाय शहरात भिंतीभिंतीवर दिसतो. त्याने एवढेच होते की कचरा आणि थुंकी दहा पावले पुढे सरकते. भीतीने जागा बदलते, सवय नाही.

आणि शेवटचे उत्तर, जे हळू आवाजात येते : "उचलणाऱ्याला पगार मिळतो ना?"

तो हात कुणाचा आहे?

या उत्तरापाशी आपण जरा थांबले पाहिजे. मुंबईत रस्ते झाडणारे, गाडीवर कचरा भरणारे कामगार कोण आहेत? बौद्ध, मातंग, मेहतर, वाल्मीकी, मेघवाळ. आपल्या कितीतरी घरांत आजोबांनी किंवा आईने पालिकेत झाडू मारून मुले शिकवली. बाबासाहेबांनी मुंबईच्या पालिका कामगारांच्या संघटनेचे नेतृत्व केले, कारण या माणसांच्या कष्टाला मोल आणि मान मिळावा हा त्यांचा आग्रह होता. राजगृहाच्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या सुनीताला तथागतांनी संघात घेतले, ही कथा आपल्या मुलांनाही ठाऊक आहे.

घाण करणारा स्वच्छ आणि घाण उचलणारा अस्वच्छ, ही समजूत जातीने जन्माला घातली आहे. आपण जात नाकारली. पण पिशवी भिरकावताना "उचलेल कुणीतरी" असे म्हणतो, तेव्हा त्या "कुणीतरी"चा चेहरा आपण मनातल्या मनात ठरवलेला असतो.

त्या हाताला काय लागते ते नर्स म्हणून आम्ही पाहिले आहे. फुटलेली काच, दाढीचे पाते, साखरेच्या रुग्णाने टाकलेली इन्सुलिनची सुई. कावीळ 'ब' चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सुई टोचली की त्या कामगाराला तपासण्या, लस आणि काळजीत महिने काढावे लागतात. कायम कामगाराला निदान रजा असते, कंत्राटी कामगाराचा त्या दिवसाचा रोज जातो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये तर अनेक वर्षे सफाई करणाऱ्यांना "स्वयंसेवक" म्हणून तुटपुंज्या मानधनावर राबवले गेले. हातमोजे नसलेला तो हात आपल्याच पोराचा असू शकतो.

या कामगारांनी स्वतः मार्ग दाखवला आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. वापरलेले पॅड हाताने वेगळे करावे लागतात म्हणून २०१३ मध्ये या महिलांनी ते पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले. आमच्या हाताची किंमत तुम्हीही ओळखा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मागायचे ते मागू

सवय बदलायची म्हणजे पालिकेला मोकळे सोडायचे असे नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी झोपडपट्ट्या आणि अनौपचारिक वस्त्यांसह प्रत्येक घरातून वेगळा केलेला कचरा गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. ही मेहेरबानी नाही. गल्ली अरुंद असेल तर ढकलगाडी पाठवावी. गाडीची वेळ घरकाम आणि कंपनीत जाणाऱ्या बायांना जमेल अशी ठरवावी. विभाग कार्यालयात मंडळाच्या लेटरहेडवर पन्नास घरांच्या सह्यांचा अर्ज द्या, पोच घ्या. पंधरा दिवसांत काही झाले नाही तर गल्लीत महिन्यात किती दिवस गाडी आली, याची नोंद माहितीच्या अधिकारात मागा. मुंबईत १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवा. त्याच अर्जात कामगारांना हातमोजे, गमबूट आणि पूर्ण वेतन ही मागणीही लिहा.

आजपासून घरात आणि मंडळात

• ओला कचरा झाकणाच्या डब्यात, सुका गोणीत. दोन्ही एकत्र करू नका.

• डायपरमधली शी आधी संडासात टाका. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढा आणि सुक्या-ओल्यापासून वेगळे द्या. लाल ठिपका दिसला की उचलणाऱ्याला उघडून बघावे लागत नाही.

• इन्सुलिनची सुई आणि पाते जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा, बाटलीवर "सुया" असे लिहा. बाटली भरली की दवाखान्यात विचारून तिथे द्या. फुटलेली काच जाड कागदात बांधा आणि त्यावरही लाल खूण करा.

• आठवड्यातून एक दिवस सगळी पाण्याची भांडी रिकामी करून आतून घासा. त्याच दिवशी मुलांना घेऊन गल्लीतले कप, करवंट्या, झाकणे गोळा करा.

• कचरा पेटवू नका, पेटवू देऊ नका.

• तंबाखू-गुटखा खाणाऱ्याला थुंकण्यावरून बोलायचे असेल तर आधी ती सवय सोडवण्याबद्दल बोला. तोंडाच्या कर्करोगापासून त्याचाही जीव वाचेल.

• १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर या दिवशी भोजनदान आणि पाणीवाटप करणाऱ्या मंडळांनी पाण्याचे पाऊच आणि थर्माकोल बंद करावे. पिंप, नळ आणि स्टीलचे पेले ठेवावेत. वाटपाच्या जागेपासून पन्नास पावलांवर गोणी बांधावी, कारण माणूस खात खात पुढे चालतो आणि पत्रावळ तिथे टाकतो. परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवणे आणि कचरा वेगळा करून देणे, हे आयोजकांचे काम २०१६ च्या त्याच नियमांत सांगितले होते. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या परिसरात आपली तरुण मुले गोण्या घेऊन सफाई करताना दिसू लागली आहेत. त्यांच्या मागे मंडळे उभी राहिली पाहिजेत.

महाडला १९२७ साली आपल्या माणसांनी सार्वजनिक पाण्यावर हक्क सांगितला. सार्वजनिक म्हणजे आपलेही, हे त्या ओंजळीने सिद्ध केले. रस्ताही सार्वजनिकच आहे. तो झाडून घेण्याचा हक्क आपला आहे आणि तो घाण न करण्याची जबाबदारीही आपलीच आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास याच विषयाला द्या. गल्लीचा नकाशा काढा, ढीग कुठे कुठे पडतो तिथे खूण करा आणि सह्यांचा कागद त्याच बैठकीत फिरवा.