मूत्राशयाची मुकी तक्रार

वऱ्हाडांतील वैशाखाची ओळख श्रोत्यांना करून द्यावयास नकोच. अकोला व अमरावती या दोन्ही शहरांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि घरोघर ‘उन्हाळी लागली’ हे शब्द ऐकूं येतात. लघवी वारंवार होते, थोडी थोडी होते, जळजळते. मग सब्जाचें पाणी, धण्याजिऱ्याचें पाणी असे उपचार सुरू होतात. निरोगी माणसाच्या पोटांत पुरेसें पाणी गेलें कीं बहुधा तक्रार मिटते. परंतु कांहीं माणसांच्या बाबतींत ‘उन्हाळी’ हा शब्द दिशाभूल करणारा ठरतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारानें पीडलेलीं हीं माणसें होत. त्यांच्या मूत्राशयांतील बिघाड वेळेवर कसा ओळखावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वैद्य नव्हे. जन्मभर मुलांना शिकवीत आलेला शिक्षक आहे. परंतु या परीक्षेची पहिली पायरी वही, घड्याळ आणि मोजमाप यांचीच असल्यामुळें, शिक्षकानें तिच्याविषयीं बोलणें ही अगदींच अनधिकारचेष्टा होणार नाहीं, असें वाटतें.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. विजेच्या तारेवर जसें वेष्टण असतें, तसें मेंदू व पृष्ठरज्जू यांतील मज्जातंतूंवर मायलिन नांवाचें स्निग्ध आवरण असतें. या विकारांत शरीराची रक्षकशक्तीच वाट चुकून त्या आवरणावर घाला घालते. ठिकठिकाणीं व्रण पडतात, आणि मेंदूचे निरोप वाटेंत रेंगाळतात किंवा हरवतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील शार्को यांनीं १८६८ सालीं या रोगाचें पद्धतशीर वर्णन केलें. तो बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंतच्या वयांत प्रकट होतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो. दृष्टि अंधुक होणें, हातापायांस मुंग्या येणें, तोल जाणें, हीं लक्षणें घरच्या मंडळींच्या लक्षांत येतात. मूत्राशयाचें लक्षण मात्र लाजेपोटीं झांकून ठेवलें जातें. वास्तविक दहा रुग्णांपैकीं सुमारें आठांस तें केव्हां ना केव्हां भोगावें लागतें.

मूत्राशयाचीं कामें दोनच : सांठविणें आणि रिकामें होणें. सांठवितांना त्याची भिंत सैल असते व तोंडाशीं असलेला स्नायू द्वारपालाप्रमाणें दार आवळून धरतो. योग्य वेळ येतांच भिंत आकुंचन पावते आणि द्वारपाल दार उघडतो. या दोघांचा मेळ मेंदूच्या तळाकडून निघणाऱ्या आज्ञांनीं राखला जातो. त्या आज्ञा पृष्ठरज्जूच्या थेट खालच्या टोकापर्यंत पोहोंचाव्या लागतात. वाट इतकी लांब असल्यामुळें मध्यें कोठेंही व्रण पडला तरी कारभार बिघडतो. मग तीन प्रकार संभवतात. एक, भिंत अवेळीं आकुंचन पावते व माणसास धांवत शौचालय गांठावें लागतें. दुसरा, भिंत दुबळी पडते व मूत्र पुरतें बाहेर जात नाहीं. तिसरा प्रकार सर्वांत त्रासाचा : भिंत जोर लावते, आणि त्याच क्षणीं द्वारपाल दार मिटतो.

येथेंच खरी अडचण आहे. प्रकार वेगळे असले तरी रुग्णाची तक्रार एकच असते : “वारंवार जावें लागतें.” एक रांजण कल्पा. त्यांत ४०० मिलिलिटर पाणी मावतें, पण उपसतांना ३०० तळाशींच राहिलें, तर पुढें फक्त १०० मिलिलिटरना जागा उरेल आणि रांजण लौकरच भरून वाहूं लागेल. पाहणाऱ्यास वाटेल, रांजणच लहान आहे! मूत्राशयाचेंही असेंच होतें. शिवाय तळाशीं सांचून राहिलेल्या मूत्रांत जंतू वाढतात, आणि आंतील दाब वाढत गेला तर मूत्रपिंडांसही इजा पोहोंचूं शकते. म्हणून मूत्राशय शांत करणारीं औषधें, मागें किती मूत्र उरतें हें पाहिल्यावांचून, कोणाच्या सांगण्यावरून घेऊं नयेत. पहिल्या प्रकारांत जें औषध गुणकारी, तेंच दुसऱ्या प्रकारांत शिल्लक वाढविणारें ठरतें.

मग ओळखावें कसें? आरंभ घरींच करतां येतो. लागोपाठ तीन दिवस एक वही ठेवावी. खुणा असलेलें मापाचें भांडें घ्यावें. किती वाजतां लघवी झाली, किती मिलिलिटर झाली, काय व किती प्यालें, कितीदां अचानक घाई झाली, कपडे ओले झाले काय, रात्रीं कितीदां उठावें लागलें, हें सर्व लिहावें. समजा, दिवसरात्रींत चौदा वेळां प्रत्येकीं १०० मिलिलिटर झाली, तर बेरीज १४०० होते. बेरीज साधारणच आहे. म्हणजे मूत्र अधिक तयार होत नाहीं, फक्त हप्ता लहान आहे. उलट बेरीज तीन हजारांच्या वर गेली, तर पिण्याचें प्रमाण पाहावें आणि मधुमेहाचीही तपासणी करावी.

हप्ता लहान कां, हें मात्र वही सांगूं शकत नाहीं. भिंत लौकर आकुंचन पावते, कीं मूत्राशय रिकामाच होत नाहीं? त्याचें उत्तर सोनोग्राफी देते. लघवी करून आल्याबरोबर मूत्राशयाचें चित्र घेतलें, म्हणजे आंत किती शिल्लक आहे तें कळतें. या तपासणींत सुई नाहीं, वेदना नाहीं. शिल्लक वारंवार १०० मिलिलिटरच्या वर आढळली, तर डॉक्टर बहुधा मूत्राशय नियमितपणें रिकामा करण्याचा उपाय सुचवितात. स्वच्छ नळीनें हें काम स्वतः करण्याची रीत अमेरिकेंतील जॅक लॅपिडीस यांनीं १९७२ सालीं पुढें मांडली, आणि ती असंख्यांस वरदान ठरली. शिल्लक मोजण्याबरोबर मूत्राची तपासणीही करावी. गुंतागुंतीच्या प्रसंगीं मूत्राशयांतील दाब मोजण्याची विशेष चाचणीही करतात.

आतां पुन्हां ‘उन्हाळी’कडे वळूं. उटहोफ नांवाच्या जर्मन नेत्रवैद्यानें १८९० सालीं असें नमूद केलें कीं, शरीर तापलें म्हणजे या रुग्णांची दृष्टि तात्पुरती मंदावते. पुढें इतर लक्षणांसही हाच नियम लागू असल्याचें दिसून आलें. त्यामुळें मे महिन्यांत पाय जड पडले कीं आपण उन्हास दोष देतों. उन्हाचा दोष असतोही. परंतु मूत्रांतील संसर्गानें आलेला ताप आंतून तेंच करतो. रोग पुन्हां उसळला असा समज होतो, आणि खरें कारण मागेंच राहतें. त्यांत कित्येक रुग्णांची संवेदना बोथट झालेली असल्यामुळें जळजळ जाणवतच नाहीं. यास्तव प्रकृति एकाएकीं ढांसळली, तर जळजळ नसली तरीही, आधीं मूत्र तपासून घ्यावें. हुडहुडी भरून ताप येणें, कुशींत दुखणें, लघवींत रक्त दिसणें किंवा लघवी अजिबात तुंबणें, यांपैकीं कांहींही झाल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

घाईला भिऊन पुष्कळ स्त्रिया पाणी पिणेंच कमी करतात. लग्नकार्यास जावयाचें म्हणून सकाळपासून ओठ कोरडे ठेवतात. वऱ्हाडच्या उन्हांत हा उपाय घातक आहे. मूत्र दाट होतें, मूत्राशय अधिकच चिडतो आणि बद्धकोष्ठही जडतें. बद्धकोष्ठानें तर मूत्राशयाची अडचण वाढतेच. त्याचप्रमाणें सर्व दोष याच रोगाच्या माथीं मारूं नये. उतारवयांतील पुरुषाची वाढलेली प्रोस्टेट ग्रंथि किंवा बाळंतपणानंतर सैल झालेले स्नायूही असा त्रास देतात.

अमरावतींत १९८४ सालीं स्थापन झालेलें डॉ. पंजाबराव देशमुख स्मृति वैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यांत २००२ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णांना आधार देण्यासाठीं मुंबईंत १९८५ सालीं मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें हा विकार दिव्यांगत्वाच्या यादींत घेतला. साधनें हाताशीं आहेत. उणीव आहे ती बोलण्याची. घरांतील सून किंवा मुलगी दर अर्ध्या तासानें उठून जात असेल, प्रवास टाळीत असेल, पाण्याचा पेला दूर सारीत असेल, तर थट्टा न करतां तिला एकांतांत विचारावें, आणि डॉक्टरकडे जातांना ती तीन दिवसांची वही बरोबर न्यावी. लाजेनें जें तोंडांतून निघत नाहीं, तें त्या वहींतील आंकडे डॉक्टरांस स्पष्ट सांगतील.